बगळखडकावरची ड्यूटी

१

कैलास बॉयलर अटेंडंट होता आणि मी दुसऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये. दोघंही शिफ्टला. बावीस वर्षांच्या संसारात आमची जास्तीत जास्त भेट झाली ती घराच्या दारात. मी दोनला सुटून अडीचला बोईसरच्या घरी पोचायची, तेव्हा तो तीनच्या शिफ्टसाठी बूट घालून तयार असायचा. उंबऱ्यावर पिशवी टेकवता टेकवता मी म्हणायची, "आले मी. निघ तू." मग दूध तापवलंय, पोरीच्या अंगात कणकण आहे, गॅस संपत आलाय, असं सगळं एका दमात सांगून तो निघायचा. शिफ्ट बदलल्या की कधी हेच उलट. मी नवऱ्याला अरेतुरे करते हे सासूबाईंना शेवटपर्यंत आवडलं नाही. मी बदललं नाही.

ही सवय मुळात कैलासच्या कामाची. चालू बॉयलर एक मिनिटही सोडायचा नसतो. लघवीला जायचं तरी दुसरा माणूस उभा करून. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आला नाही तर डबल करायची, पण जागा सोडायची नाही. येणाऱ्याने तोंडाने सांगायचं की मी आलो, तू निघ. मग वहीत सह्या. एकदा कैलास सलग तीन शिफ्ट उभा होता आणि घरी आल्यावर जेवतानाच झोपला.

आमची स्वरा ह्यातच वाढली. आज वीस वर्षांची आहे, पालघरला कॉलेजात जाते, पण अजूनही दारातून "आले मी, निघ तू" असं ओरडल्याशिवाय चपला काढत नाही. मला कुठेच निघायचं नसलं तरी.

मागच्या फेब्रुवारीत, एका शनिवार-रविवारच्या सुट्टीत, कैलास खाडीतल्या बगळखडकावर त्याने सुट्टीसाठी बांधलेल्या खोलीतून नाहीसा झाला. कयाक, म्हणजे त्याची वल्ह्याची छोटी होडी, पायरीला बांधलेला होता, डबा घासून पालथा घातलेला होता, आणि माणूस नव्हता. पोलिसांनी आणि कोळ्यांनी चार दिवस खाडी धुंडाळली. काही मिळालं नाही.

दहा महिन्यांनी चोपड्याहून मारुतीभाऊजींचा, म्हणजे माझ्या दिरांचा फोन आला. गवताचा पुतळा करून विधी उरकायचा, त्याशिवाय त्याला गती नाही, गुरुजींशी बोलणं झालंय. मी म्हटलं, माणूस मेलेला बघितल्याशिवाय मी गवत जाळणार नाही. ते म्हणाले, वहिनी, हट्ट सोडा. मला हट्ट सोडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या खोलीत मी पंचनाम्याला गेले नव्हते, नेलंच नव्हतं कोणी. मी दोन दिवसांची रजा टाकली आणि ठरवलं, आपण जाऊन राहायचं. तिथे काही असेल तर मला दिसेल.

२

बगळखडक म्हणजे एडवणच्या पुढे खाडीच्या तोंडाशी असलेला खडकाचा एक उंचवटा, तीन बाजूंनी तिवरं आणि चौथ्या बाजूला समुद्र. मिठागर चालू होतं तेव्हा तिथे राखणदाराची खोली होती. कैलासने चार वर्षांपूर्वी त्याच जोत्यावर लाकडी खोली उभी केली. वर सिमेंटचे पत्रे, चारही बाजूंनी फळ्यांचा सज्जा, पाण्यात उतरायला चार पायऱ्या. भरती असली की कयाक थेट पायरीशी लागतो. ओहोटीला गुडघाभर चिखल.

किनाऱ्यावर देवू जाळं विणत बसला होता. कैलासच्या शोधात हाच सगळ्यात जास्त फिरला होता. मी पिशवी घेऊन स्वराबरोबर कयाकमध्ये बसतेय हे बघून तो उठून आला.

"वैनी, एकट्या नका राहू तिथं."

"का? भूत आहे का?"

"आमी काय भूतबीत मानत नाय. पन ती खोली कधी रिकामी नाय राहत. कोन ना कोन असतोच."

"मग बरंच आहे. सोबत होईल."

देवू हसला नाही. स्वराला म्हणाला, "पोरी, आईला सोडून लगेच परत फिर. आत पाय ठेवू नको. पानी उतराया लागलंय." पाण्याचं कारण खरंच होतं, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

वल्हवणं स्वराला बाबांनीच शिकवलेलं. अर्ध्या तासात आम्ही पोचलो. पावणेतीन झाले होते, लख्ख ऊन होतं, पाण्यावर वारासुद्धा नव्हता. तिने एका हाताने पायरी धरून ठेवली आणि मी पिशवी घेऊन चढले. रविवारी तीनला ये, भरती तेव्हाच आहे, असं तिला बजावलं.

कडी लावलेली नव्हती. मी दार ढकललं, उंबऱ्यावर पिशवी टेकवली, आणि बावीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "आले मी. निघ तू."

माझं मलाच हसू आलं. आणि मग माझ्या मागे पायऱ्या वाजल्या. एक, दोन, तीन, चार. वरून खाली. मी वळले तर पायऱ्यांवर कोणी नव्हतं. स्वरा पन्नास हात लांब गेली होती, पाठ करून वल्हवत होती. शेवटच्या पायरीपाशी पाणी तेवढं हललं आणि ती लाट हळूहळू समुद्राच्या बाजूला सरकत गेली.

३

खोलीत दहा महिन्यांची धूळ असायला हवी होती. नव्हती. टेबल पुसलेलं, पाण्याचा पिंप गळ्यापर्यंत भरलेला, दोरीवर टॉवेल ओला. टेबलावर कपात चहा होता. मी बोट बुडवलं. कोमट होता.

मी वेड्यासारखी बाहेर धावले. कैलास, कैलास म्हणून घसा बसेपर्यंत ओरडले. तो जिवंत आहे, कुठल्याशा कारणाने लपलाय, मला बघून पळालाय, असं माझ्या डोक्याने पाच मिनिटांत पक्कं करून टाकलं. मला इतका आनंद झाला की रागसुद्धा आला. सापडू दे, म्हटलं, आधी दोन थोबाडीत देईन.

तासाभराने पाणी उतरलं तेव्हा खालच्या पायरीपासून चिखलात पावलं दिसली. अनवाणी. डाव्या पायाची करंगळी बाहेर झुकलेली, ती मी हजारदा चेपलेली करंगळी. पावलं पायरीपासून निघून समुद्राकडे गेली होती. येणारं एकही नव्हतं. पाण्याखाली उमटलेला ठसा असा टिकत नाही, एवढं मलाही कळतं. मी लॅबमध्ये काम करते. दिसतंय ते आणि असायला हवं ते जुळत नसलं की आम्ही सॅम्पल परत घेतो. मी परत खाली गेले, परत बघितलं. ठसे तेच होते.

मग मी टेबलावरची वही उघडली. कैलासला सुट्टीतही वही लागायची. बॉयलरची लॉगबुक भरतात तशी तो इथे दर तासाला नोंद करायचा, पाणी किती, वारा कुठला, बगळे किती. मी चेष्टा करायची की बगळ्यांचं प्रेशरही लिहीत जा.

फेब्रुवारीतला तो शनिवार सापडला. "दु. ३. चार्ज घेतला. कै. निकुंभ." शेजारी, चार्ज देणाऱ्याच्या रकान्यात, एक फराटा होता. सही म्हणावी तर सही.

त्यापुढे पान भरलेलं होतं, त्याच्या पुढचंही. मार्च, एप्रिल, सगळा पावसाळा, दिवाळी. दर तासाची नोंद, त्याच्याच अक्षरात. सर्व ठीक. सर्व ठीक. सुरुवातीला बरं वाटलं, नवरा जिवंत असल्याचा ह्याहून मोठा पुरावा कोणता? मग मी पहाटेच्या नोंदी बघायला लागले. एक वाजताची होती, दोनची होती, तीनची, चारची. प्रत्येक दिवशी. मी बोट ठेवून तीन महिने तपासले. एक तास चुकला नव्हता. माणूस झोपतो कधी, हा प्रश्न मला तेव्हा पडला, आणि पडल्यावर जाईना.

शेवटची नोंद त्याच दिवशीची, मी आले त्या दिवशीची होती. "शुक्रवार. दु. ३. चार्ज दिला. कै. निकुंभ." अक्षर थकलेलं होतं, सही कागदावरून घसरली होती. बाजूचा घेणाऱ्याचा रकाना रिकामा होता.

मी पेन ढकलून दिलं. नाही केली सही. चार वाजले तेव्हा मात्र माझ्या हातात पेन होतं आणि मी लिहिलेलं होतं, "ओहोटी. वारा नाही. सर्व ठीक."

४

त्या रात्रीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी दर तासाला उठले आणि लिहिलं. गजर न लावता. मला कोणी उठवलं नाही, कोणी धमकावलं नाही. तव्यावर पोळी टाकल्यावर हात आपोआप चिमट्याकडे जातो तसं ते होतं. सकाळी वही बघितली तेव्हा लक्षात आलं की मी एकदाही विचार केला नव्हता.

हे मला चालणार नव्हतं. नोकरीतसुद्धा मी सुपरवायझरला विचारल्याशिवाय राहत नाही की हे का करायचं.

शनिवारी सकाळी आठ वाजताची नोंद केली आणि नऊला दहा मिनिटं असताना मुद्दाम बाहेर पडले. ओहोटी होती. तिवरांपर्यंत चिखलातून जायचं, तिथे फोनला कधीकधी एक काडी मिळते, तिथून स्वराला मेसेज टाकायचा, आणि नऊची नोंद चुकवायची. बस, एवढंच. साडीचा काष्टा खोचला आणि निघाले.

पन्नास पावलं चालले असेन. ऊन होतं, खेकडे बिळात पळत होते, लांब एका बोटीचं इंजिन वाजत होतं. सगळं जागच्या जागी होतं. आणि मला भीती वाटायला लागली. भुताची नाही. स्वरा दोन वर्षांची असताना एकदा मी दूध गॅसवर ठेवून, तिला झोळीत ठेवून, खाली वाण्याकडे गेले होते आणि मागे दाराचं लॅच लागून मी बाहेर अडकले होते. ती भीती. आपण जागेवर नाही, आणि तिकडे काहीतरी होणार आहे. मी स्वतःला सांगितलं, अर्चना, ती रिकामी खोली आहे, तिथे जळायला काही नाही. पाय ऐकेनात. आणखी वीस पावलं रेटली आणि मग मी उलट फिरून धावत सुटले, दोनदा चिखलात पडले, पायऱ्या हातांनी चढले.

नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. वहीत नऊची नोंद होती.

अक्षर माझं नव्हतं. कैलासचंही नव्हतं. प्रत्येक अक्षर सारख्या उंचीचं, सुबक, शाळेतल्या फळ्यावर काढतात तसं. "स. ९. जागेवर नाही."

मी दार लावून घेतलं. पलंगाखाली बघितलं, पिंपामागे बघितलं, पत्र्याखालची फट बघितली. लपायला जागाच नाही त्या खोलीत. मग मी खुर्चीवर बसले आणि, आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला रागच आला होता, त्या ओळीखाली लिहिलं, "शेरा मान्य नाही. चार्ज घेतल्याची माझी सही दाखवा. अ. निकुंभ."

५

उत्तर तीन वाजता आलं.

मी खिडकीशी बसले होते. सूर्य समोरून, पाणी पायरीला लागलेलं. बरोबर तीनला सज्ज्याच्या फळ्या वाजायला लागल्या. कोणीतरी खोलीभोवती फिरत होतं. घाई नाही, दबकत चालणंही नाही. कारखान्यात अधिकारी राउंडला येतो तसं, चार पावलं टाकून थांबायचं, बघायचं, पुढे जायचं. खिडकीपाशी पावलं आली तेव्हा मी डोळे फाडून बघत होते. फळी दबली. दबलेली मला दिसली. वर काही नव्हतं, फक्त ऊन होतं. पावलं पुढे गेली, दारापाशी थांबली, आणि मग आत वाजली.

मी मान वळवली नाही. हिंमत नव्हती असं नाही. मला त्याला तेवढंसुद्धा द्यायचं नव्हतं. डाव्या खांद्यावरून वहीवर येणारा उजेड कमी झाला. कोणीतरी मागे उभं राहून, मी काय लिहिलंय ते वाचत होतं. श्वास जाणवत नव्हता. मानेला नुसता गारवा लागत होता, फ्रीजचं दार उघडं राहिल्यासारखा. किती वेळ ते सांगता येत नाही. उजेड परत आला तेव्हा घेणाऱ्याच्या रकान्यात, कालच्या तारखेपुढे, त्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, "तोंडी घेतला."

बरोबर होतं. घेतला होता मी. उंबऱ्यावर पिशवी टेकवता टेकवता.

तेव्हा मला कैलास कळला. तो लपला नव्हता, पळाला नव्हता. दहा महिने तो ह्या खुर्चीवर बसून होता, चोवीस तास, डाव्या खांद्यामागे हे घेऊन. मेला होता की जिवंत होता मला माहीत नाही, पण जागा सोडता येत नव्हती म्हणून बसून होता. पोलीस आले, कोळी आले, सगळे आत येऊन गेले आणि त्यांच्यातल्या एकालाही ते चार शब्द माहीत नव्हते. मी आले तेव्हा तो इथेच होता. चहा अर्धा टाकून उठला, माझ्या बाजूने गेला. दूध तापवलंय, गॅस संपलाय, असं काहीही सांगितलं नाही त्याने. आणि मी पाठमोरी होते.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. दहा महिने मी रडले नव्हते, कारण रडणं म्हणजे भाऊजींना हो म्हणण्यासारखं होतं. त्या दिवशी पोटातून रडले. आणि रडता रडता बरंही वाटत होतं, ते खोटं कशाला सांगू? त्याला सोडवणारी मी होते. दुसरं कोणी नव्हतं.

मग डोकं वर उचललं आणि हिशेब पुढे गेला. मी तीनला चार्ज घेतला. मला रिलीव्हर कोण? उद्या तीनला कयाक येणार. माझी पोर चार पायऱ्या चढणार, दारात उभी राहणार, आणि चपला काढायच्या आधी ओरडणार. तिला जन्मात दुसरं काही म्हणता येत नाही दारात. शिकवलंय आम्हीच.

फोनला काडी नव्हती. "येऊ नकोस" असा मेसेज मी संध्याकाळपर्यंत चाळीसदा टाकून बघितला. एकही गेला नाही.

६

रविवारी सकाळपर्यंत मी ठरवलं होतं.

रिलीव्हर नसेल तर जागा सोडण्याचा एकच नियमातला मार्ग असतो, तो कैलासने मला संसारात शंभरदा सांगितला असेल. बॉयलर बंद करायचा. आग काढायची, प्रेशर उतरवायचं, व्हॉल्व्ह लावायचे, तसं लॉगबुकात लिहून सही करायची. मग माणूस मोकळा. बंद मशिनला राखणदार लागत नाही.

मी खोली बंद करायला घेतली. स्टोव्हमधलं रॉकेल ओतून टाकलं. पिंपाचं पाणी बाहेर सोडलं. दोरी काढली, पलंगाची गादी गुंडाळली, खिडक्यांना आतून फळ्या ठोकल्या. कप धुतला. त्या कपावर त्याचे ओठ टेकले होते, तरी धुतला. दर तासाला थांबून नोंद करत होते, कारण अजून ड्यूटी चालू होती आणि मला कुठलंही कारण हातात द्यायचं नव्हतं. दोन वाजता सगळं झालं. मी वहीत लिहिलं, "सर्व विझवले. सर्व बंद. ही जागा कायमची बंद करण्यात येत आहे. ह्यापुढे इथे कोणाची ड्यूटी नाही." खाली पूर्ण नावाने सही केली आणि वही मिटून उभी राहिले.

खोलीत आता फक्त दारातून येणारा उजेड होता. तो डाव्या बाजूने हळूहळू कमी झाला. कागदावर काही घासल्याचा आवाज आला, मिटलेल्या वहीच्या आत.

मी उघडली. माझ्या सहीवर आडवी रेघ होती आणि खाली एकच शब्द होता. "अमान्य."

बावीस वर्षं मी नोकरी केली. रजा अमान्य, बदली अमान्य, पगारवाढ अमान्य, बाळंतपणानंतरचे पंधरा दिवस अमान्य. प्रत्येक वेळी मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि कामाला लागले. ह्या वेळी मी वही टेबलावर आपटली.

"अमान्य तर अमान्य," मी मोठ्याने म्हटलं. "मी निघाले."

७

लांबून लाल कयाक दिसला तेव्हा पावणेतीन होते. स्वरा गाणं म्हणत येत होती. मी शेवटच्या पायरीवर उभी होते आणि ती भीती परत आली होती, कालच्यापेक्षा मोठी. मागे काहीतरी उतू चाललंय, फुटणार आहे, परत फिर, परत फिर. काल मी सत्तर पावलांत हरले होते. पण काल समोर कोणी नव्हतं.

मी पाण्यात उतरले. डिसेंबरचं पाणी, दुसऱ्याच पावलाला कंबरेपर्यंत आलं. साडी पायांत गुंडाळत होती. पाय मागे ओढत होते आणि मी त्यांना शिव्या देत होते, आईवरून, बापावरून, कधी तोंडात न आलेल्या. पाणी छातीला लागलं.

"आई! अगं काय करतेयस? मी येतेय ना तिथे! आले म—"

"तोंड मीट!" मी किंचाळले. "एक शब्द बोललीस तर थोबाड फोडीन!"

मी तिच्यावर आयुष्यात असं ओरडले नव्हते. ती गप्प झाली, तिचे डोळे भरून आले. मी कयाकची कड धरली. दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने माझा दंड पकडून मला आत ओढलं आणि मी पुढच्या बैठकीवर, तिच्याकडे पाठ करून, कशीबशी उपडी पडले. उठून सरळ झाले तेव्हा माझं तोंड खोलीकडे होतं, पण डोळ्यांत खारं पाणी होतं, दिसत नव्हतं.

"परत फिरव," मी म्हटलं.

ती फिरवेना. वल्हं आडवं धरून ती खोलीकडे बघत होती. आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की तो मला मरेपर्यंत ऐकू येत राहील.

"आई, बाबा! अगं बाबा आहेत! दारात!"

मी डोळे पुसले आणि बघितलं.

दारात कैलास उभा होता. कंपनीचा खाकी शर्ट, उजवीकडे झुकलेले खांदे, डोक्यामागचं चार बोटांचं टक्कल. केस मानेवर जसे कापायचा तसेच. पाठमोरा होता. मग त्याने पाय उचलला आणि पायरी उतरला. मागे मागे येत नव्हता, पाठच पुढे करून सरळ चालत होता. आमच्या दिशेने, न चाचपडता, टाच आधी टाकून, आणि समोर येत होती ती पाठच. दुसरी पायरी उतरला. तिसरी. खांद्याच्या वर डोक्याची मागची बाजू आमच्याकडे रोखलेली होती.

दहा महिने खांद्यामागे उभ्या असलेल्याने माझ्या नवऱ्याला फक्त मागून बघितलं होतं. पुढून कैलास कसा दिसतो ते त्याला ठाऊक नव्हतं.

"आई," स्वराचा आवाज आता बारीक झाला होता. "बाबा असे का चालतायत?"

"ते बाबा नाहीत. बाबा शुक्रवारीच निघाले. मी निघ म्हटलं आणि ते निघाले. वल्हव."

तिने वल्हं पाण्यात घातलं. दोन वेळा ते नुसतं पाण्यावर आपटलं, मग लागलं. कयाक वळायला लागला तसं मीही अंग वळवत राहिले, माझी नजर त्याच्यावरून निघू नये आणि तो माझ्या पाठीमागे येऊ नये म्हणून. स्वराकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, तिच्या खांद्यावरून मी त्याला बघत बसले. भीती होतीच, अजून ओढत होती. मी त्या भीतीलाच म्हटलं, ओढ.

तो शेवटच्या पायरीवर थांबला होता. पाणी त्याच्या टाचांना लागत होतं.

"उद्या चोपड्याला काकांना फोन कर," मी स्वराला म्हटलं. ती रडत होती आणि वल्हवत होती. "म्हणावं, विधी करायचा. लवकरची तारीख घ्या."

"तू तर नाही म्हणाली होतीस."

"तेव्हा बाबा निघाले नव्हते. आणि त्यांना हेही सांग, पुतळ्याला अग्नी मी देणार. गुरुजींना चालत नसेल तर दुसरे गुरुजी बघा म्हणावं."

स्वराने मान हलवली. देवूचा किनारा दिसायला लागेपर्यंत ती वल्हवत राहिली, आणि मी त्याच्यावरची नजर हलवली नाही.